आधी रिले बघा, मग कंडेन्सर : जुन्या हाय-फायबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरात १९७०च्या दशकातला जपानी अॅम्प्लिफायर आहे. आवाज बारीक ठेवला की डावा स्पीकर मध्येच गप्प होतो. मोठा केला की खर्रकन परत सुरू होतो. मेकॅनिक म्हणतो, सगळे कंडेन्सर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर बदला. बदलू का? (रत्नागिरी)

उत्तर : थांबा. तुम्ही सांगता ते लक्षण जळलेल्या ट्रान्झिस्टरचे नाही, खराब काँटॅक्टचे आहे. कुठल्यातरी स्विचच्या किंवा रिलेच्या (विजेने आपोआप उघडमीट होणाऱ्या स्विचच्या) काँटॅक्टवर काळा थर बसलाय. बारीक आवाजाचा क्षीण प्रवाह तो थर भेदू शकत नाही, मोठ्या आवाजाचा भेदतो.

अॅम्प्लिफायर बंद करून मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा आपसांत बदला. आता उजवा स्पीकर गप्प होऊ लागला, तर स्पीकर आणि तारा निर्दोष, दोष अॅम्प्लिफायरमध्ये. मग सेट बंद असतानाच टेप मॉनिटर, मोनो-स्टिरिओ आणि स्पीकर ए-बी या स्विचांत काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि प्रत्येक स्विच वीस-पंचवीस वेळा चालवा. गंज काढायचा स्प्रे वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो.

एवढ्याने भागले नाही, तर रिले. सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी ‘टक्’ करतो तोच. त्याचे प्लास्टिकचे झाकण निघत असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी काँटॅक्टांमधून ओढा. पॉलिश पेपर लावलात तर वरचा चांदीचा मुलामा जातो, आणि दोन महिन्यांत तक्रार परत. खरा इलाज म्हणजे नवा रिले. कॉइलचे व्होल्ट, पायांची मांडणी आणि काँटॅक्टचे अँपिअर जुळायला हवेत. कॉइलचा रोधही मीटरने मोजून घ्या. तो जुन्यापेक्षा बराच कमी असेल, तर रिले चालवणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

आता कंडेन्सर. सरसकट बदलण्याची घाई नको. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकरमधून सारखी घुर्रघुर्र येत असेल, तर पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर पहिला संशय घ्या. डोके फुगलेला किंवा बुडाशी ओल दिसणारा कंडेन्सर तर काढायचाच. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा. ८५ अंशांवर १०००-२००० तास असे आयुष्य छापलेला कंडेन्सर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो, म्हणून हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, चिकटून बसलेले आधी मरतात.

सेट उघडाच असेल तर एक गोष्ट बघाच. त्या काळी मोठे कंडेन्सर बोर्डावर पिवळट डिंकाने चिकटवत. तो डिंक उष्णतेने काळसर तपकिरी होतो, थोडी वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टर-डायोडचे पाय खातो. टूथपिकने खरवडून काढा, पाय हिरवा किंवा काळा पडला असेल तर तो भाग बदला.

सोल्डरिंगआधी प्लग काढून मोठे कंडेन्सर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून मिनिटभर रिकामे करा आणि उरलेले व्होल्ट मीटरने तपासा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. एका वेळी एकच बोर्ड करा, प्रत्येक कंडेन्सरची ऋण बाजू दोनदा बघा. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डात (ज्यात वीज बल्बमधून सेटला जाते) ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडी चालत नाही. बल्ब लख्ख पेटून मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर लगेच प्लग काढा. शेवटी स्पीकर न जोडता दोन्ही बाजूंच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत हवे.

प्रश्न : काकांनी अमेरिकेतून आणलेला टर्नटेबल ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावला. चालतो, पण सगळे गायक झोपेत गातायत असे वाटते. बेल्ट बदलून पाहिला. (नागपूर)

उत्तर : बेल्टचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात आणि सूर तीन पट्ट्यांहून किंचित जास्त उतरतो. काळी चारमध्ये गायलेले पांढरी चारच्याही थोडे खाली ऐकू येते.

मोटरवरची पट्टी वाचा. ‘५०/६०’ लिहिले असेल तर पुली बदलण्याची किंवा उलटवून बसवण्याची सोय असू शकते. नुसते ‘६०’ असेल तर व्यास १.२ पट असलेली पुली हवी. लेथवर करून घेतलीत तर मध्याचे भोक नेमके हवे, ते किंचित सरकले तरी लांब सुरावर लाट ऐकू येते. डीसी मोटरच्या टर्नटेबलला हा त्रासच नाही. पुली बसवल्यावर ५० हर्ट्झची, म्हणजे १८० रेषांची, स्ट्रोब चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवून बघा, रेषा थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. २१६ रेषांची चकती ६० हर्ट्झची, ती इथे फसवते.

प्रश्न : स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम बोट लावताच पिठासारखा झडतो. वूफर नवा घेऊ? (पणजी)

उत्तर : कॉइल आणि कोन धड असतील तर नको. फोम दमट हवेत असाच सडतो. फक्त फोमची रिंग मागवा, पण ‘आठ इंची’ एवढ्यावर विसंबू नका. कोनाचा आणि फ्रेमच्या आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. मूळ रिंग फोमची असेल तर फोमचीच घ्या, जड रबराने खर्जाचा सूर बदलतो. जुना डिंक आयसोप्रोपिलने काढा, नवी रिंग आधी कोनाला लावा आणि वाळू द्या. फ्रेमला चिकटवताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावून ठेवा आणि घासल्याचा आवाज थांबेपर्यंत कोन हलक्या हाताने सरकवा. मग चोवीस तास हात लावू नका.