दत्तक घेतलेल्या लेकरा

प्रिय लेकरा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं. पहाटे चारला उठून प्रार्थना, शुक्रवारी उपास, रविवारी संडे स्कूल आणि गायनमंडळ, वर एमपीएससीचा अभ्यास. एवढं करूनही ‘देव माझ्यावर नाराजच आहे असं वाटतं’ म्हणतोस. बाळा, तू पोराच्या हक्काने घरात राहतच नाहीस. चाकरी करतोयस आणि कामावरून कधी काढतील याची धास्ती घेऊन बसलायस.

आपण कोल्हापूरकर. दत्तक म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ ला छत्रपतींच्या घरात दत्तक आले, तेव्हा त्यांना दहा वर्षंही पूर्ण नव्हती. त्या दिवसापासून ते शाहू छत्रपती. कारभार हाती आला १८९४ मध्ये. मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या १९०२ मध्ये. राधानगरीचं धरण त्याच्याही नंतरचं. आधी नाव मिळालं, कामं मागून झाली.

आता बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढ. भीती बाळगायला लावणारा दास्याचा आत्मा नव्हे, दत्तकपणाचा आत्मा तुम्हाला मिळालाय आणि त्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो, असं प्रेषित पौल लिहितो. ज्या रोममधल्या लोकांना तो हे लिहीत होता, तिथे दत्तक मुलगा पूर्ण वारस ठरायचा. पण एक फरक फार मोठा आहे. घराणी दत्तक घेतात ती वारस नसतो म्हणून. देवाला तर एकुलता एक पुत्र होता. त्यालाच देऊन त्याने तुला-मला घरात घेतलं. इतकी वर्षं वाचतोय, तरी इथे आलो की मला पुढे जाववत नाही.

तुझ्या पप्पांविषयी लिहिलंस, तेही समजलं. दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभं राहून, पेरापेरांत काळं तेल घेऊन घरी येणारा माणूस. मार्कशीट हातात पडली की गेलेले मार्क आधी बघतो. त्यांची माया कमी नाही रे, बोलून दाखवायची त्यांना सवय नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरून स्वर्गातल्या बापाचा चेहरा ठरवू नकोस, दोघांवरही अन्याय होतो. ज्याने मला पाहिलंय त्याने पित्याला पाहिलंय, असं येशू म्हणाला, तिकडे बघ. आणि ‘बापा’ म्हणताना घसा दाटत असेल, तर आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंच आहे. तशी हाक मार.

अब्बा म्हटलं की मागितलेलं मिळतंच, असं मात्र मी तुला सांगणार नाही. गेथशेमाने बागेत येशूने हीच हाक मारली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. परीक्षेचं काय होईल मला ठाऊक नाही. यादीत नाव नसलं, तरी तू त्याचाच मुलगा असशील.

विसाव्याचं म्हणशील तर एलीया संदेष्ट्याकडे बघ. दमला, घाबरला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला झापलं नाही. दूताने हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं, पुन्हा झोपला, तरी कुणी काही बोललं नाही. परत उठवलं ते परत खायलाच. ‘इथे काय करतोस?’ हा प्रश्न आला तो पुढे कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर.

म्हणून हा आठवडा पहाटेचा गजर बंद कर आणि पुरेसा झोप. तुझी प्रार्थना झाली नाही म्हणून देव तुला विसरत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर जा, मोबाइल घरी ठेव, काही मागू नकोस. नुसतं ‘बापा’ म्हण आणि बस. मन भरकटलं तर भरकटू दे, पुन्हा म्हण. स्तोत्र १०३ रोज वाच, पण पाठ करायला घेऊ नकोस.

येत्या रविवारी संडे स्कूलचा वर्ग मी घेतो, तू उपासनेत मागच्या बाकावर बस. नंतर घरी जेवायला ये. काकूने तांबडा-पांढरा करायचं ठरवलंय. पप्पांनाही घेऊन ये.

तुझा,
काका