‘किडनीला सूज’ की फुगवटा?

प्रश्न असा आहे: सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीत उजवीकडे ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ आलं. डॉक्टर म्हणाले, ‘किडनीला थोडी सूज आहे.’ शब्द बरोबर आहे का, आणि ही सूज कायम राहते का?

बोलताना चालतो, पण घोळ घालतो. सूज म्हटलं की दुखणं, ताप, जंतू असं सगळं मनात येतं. इथे लघवी तुंबून मूत्रपिंडाची आतली पोकळी ताणली गेलेली असते, एवढंच. ‘फुगवटा’ म्हणा. हायड्रोनेफ्रोसिससाठी घडवलेला ‘जलवृक्कता’ हा शब्द दवाखान्यात कुणाच्या तोंडी नाही.

गरोदरपणात असा फुगवटा सर्रास दिसतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने मूत्रवाहिन्या सैलावतात आणि वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं. गर्भाशय बहुधा उजवीकडे कलतं, शिवाय डाव्या बाजूला मोठं आतडं उशीसारखं मध्ये येतं. म्हणून उजवीकडे जास्त. बाळंतपणानंतर साधारण ६ ते १२ आठवड्यांत तो ओसरतो. तीन महिन्यांनंतरही दिसला, तर मुतखडा किंवा जुना अडथळा आहे का ते बघावं लागतं. (मूत्रवाहिनी मूत्रपिंडाकडून मूत्राशयात येते, मूत्रमार्ग त्याच्या खाली. वर्तमानपत्रं दोन्ही सर्रास एक करतात.)

खरी सूज म्हणजे तुंबलेल्या लघवीत वाढलेले जंतू मूत्रपिंडापर्यंत चढणं: हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणं, उलट्या. नुसती ‘उन्हाळी लागणं’, म्हणजे जळजळ आणि थेंबथेंब लघवी, हे बहुतेक वेळा मूत्राशयाचं दुखणं. एरवी धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात. गरोदर बाईने तसं करू नये. तिच्या लघवीत जळजळ नसतानाही जंतू असू शकतात आणि त्यांवर उपचार करावेच लागतात. म्हणून कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, करतात. नमुना मधल्या धारेचा हवा. पहिली धार घेतली तर त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्ट फसवा येतो.

कायमचं राहतं ते तिसरंच. रिपोर्टमधल्या ‘स्कारिंग’ला ‘व्रण’ लिहितात, आणि वाचणारीला जखम चिघळतेय असं वाटतं. भरलेल्या जखमेची खूण म्हणजे ‘वण’. तो नेमका शब्द. मूत्रपिंडावरचे वण बरेचदा लहानपणी लघवी उलटी वर चढून झालेल्या संसर्गाचे असतात, बाळंतपणाशी त्यांचा संबंध नसतो. ते डीएमएसए या मूत्रपिंडाच्या स्कॅनमध्ये दिसतात. किरणोत्सर्गी औषध वापरतात म्हणून हा स्कॅन गरोदरपणात टाळतात. दोन्हीकडे वण असतील, तर पुढच्या खेपेला रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन सुरुवातीपासून मोजत राहावं लागतं.