सहा चाकांची हायब्रिड कार खरंच होती का?

प्रश्न: जुन्या फोटोंमध्ये सहा चाकांची एक कार दिसली, खाली 'हायब्रिड, 1980' असं लिहिलेलं. बनवणारी कंपनी म्हणे गवत कापायच्या मशीनची इंजिनं बनवते. हे खरं आहे का? आणि कारला सहा चाकं कशाला लागतात?

उत्तर: अगदी खरं आहे, आणि नुसतं शोपीस नव्हतं, चालणारी गाडी होती. अमेरिकेतल्या मिलवॉकीची ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही ती कंपनी. 1979 ला इराणमधल्या क्रांतीनंतर तेल महागलं, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा आपलं छोटं इंजिन कारलाही पुरू शकतं हे दाखवायला त्यांनी ही एकच गाडी बनवली, डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्स यांचं. विकायची म्हणून बनवलीच नव्हती, त्यामुळे कुणी तिला 'फेल गेली' म्हटलं तर ते मला पटत नाही.

आता चाकांचं. मागच्या बाजूला 6 व्होल्टच्या 12 लेड-ॲसिड बॅटऱ्या, म्हणजे 72 व्होल्ट, आणि वजन साडेचारशे किलोच्या आसपास! एवढा भार एका मागच्या एक्सलवर टाकण्यापेक्षा त्यांनी शेवटी आणखी एक एक्सल जोडला. ती शेवटची दोन चाकं गाडी ढकलत नाहीत, फक्त बॅटऱ्यांचं ओझं वाहतात, ताकद जाते ती मधल्या जोडीला.

पुढे एअर-कूल्ड दोन सिलेंडरचं 18 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आणि त्याच्याच लाइनीत 8 हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक मोटर, मग साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. नुसतं पेट्रोल, नुसती बॅटरी की दोन्ही, हे ड्रायव्हरनेच ठरवायचं, आजच्यासारखा कॉम्प्युटर ठरवत नाही. इंजिन आणि मोटर दोन्ही थेट चाकांना ताकद देऊ शकतात, अशा रचनेला पॅरलल हायब्रिड म्हणतात.

प्रश्न: मग सगळी मिळून 26 हॉर्सपॉवरच? पळायची तरी का?

उत्तर: पळायची, पण पिकअप अगदी स्लो. गाडीचं वजन साधारण 1450 किलो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा बॅटऱ्यांचाच, म्हणजे मोटरची बरीचशी ताकद स्वतःच्याच बॅटऱ्या ओढण्यात जायची. मला वाटतं खरी अडचण इथेच होती, आयडिया बरोबर होती पण लेड-ॲसिडमध्ये किलोमागे वीजच फार कमी साठते. 1997 ला जपानमध्ये टोयोटा प्रियस ही हायब्रिड कार विक्रीला आली, ती लेड-ॲसिडवर नाही, हलक्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर, आणि चार चाकांत भागलं.