दोन्ही शहरांत मर्यादा 60, मग एकीकडेच उल्लंघन कसं?

आवाजाबद्दल जे मेसेज येतात त्यात निम्मे त्याच त्या गोंधळाचे, म्हणून काही एकत्रच घेतोय.

मोबाइल अ‍ॅपचं रीडिंग तक्रारीला चालेल का?
सहसा नाही. क्लास 1 किंवा 2 चा (ठराविक अचूकतेचा) ध्वनी मीटर लागतो, आणि तोही कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला आवाज देणारं उपकरण, लावून तपासलेला.

कारखाना दोन शहरांच्या हद्दीवर आहे. रात्रीची मर्यादा दोन्ही शहरांत 60 डेसिबल, तरी आमच्याकडे उल्लंघन आणि तिकडे ओके. खोटं कोण बोलतंय?
कोणीच नाही. लोक नुसता आकडा वाचतात, किती वेळाची सरासरी आणि मीटर कुठे, ही पुढची बारीक ओळ कोणी वाचतच नाही. समजा रात्री एकच मिनिट 85 डेसिबलची वाफ सुटली आणि बाकी वेळ 45, तर तासाभराची सरासरी (साधी नव्हे, आवाजाच्या ऊर्जेची) येते 67, पण तेच आठ तासांवर पसरलं की 58 च्या आसपास! म्हणजे तासाचा नियम असलेल्या शहरात नोटीस, शेजारी सगळं शांत. त्यात मीटर कुठे ठेवला हे वेगळंच, एक जण प्लॉटच्या हद्दीवर मोजतो, दुसरा खिडकीबाहेर भिंतीपासून एक-दोन मीटरवर, जिथे आवाज परतून साधारण 3 डेसिबल वाढतोच, आणि काही ठिकाणी तर ठराविक आकडाच नसतो, आसपासच्या नेहमीच्या आवाजापेक्षा किती जास्त एवढंच बघतात. त्यामुळे 'ते शहर शांत, हे गोंगाटाचं' असले फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका. दोन्हीकडचे मोजणीचे रिपोर्ट आणि नियमाची प्रत घेऊन ध्वनी सल्लागाराला दाखवा, त्याआधी कोणाशी भांडू नका.

हॉलचा बेस छातीत घुमतो, पण मीटरवर सगळं मर्यादेत!
कारण मीटर डीबी-ए वर आहे, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर तो कमी धरतो. 63 हर्ट्झच्या बेसला तो तब्बल 26 डेसिबल वजा करतो, डीबी-सी या दुसऱ्या सेटिंगवर एक डेसिबलसुद्धा पूर्ण वजा होत नाही. डीबी-सी किंवा ऑक्टेव्ह बँडने (खालचे-वरचे सूर वेगवेगळे करून) मोजा म्हणून लेखी मागा, तुमच्याकडच्या नियमात ते बसतं का हे मात्र सल्लागाराला विचारूनच.

जनरेटरवर 'फक्त 55 डेसिबल' लिहिलंय, घेऊ?
किती मीटरवरून आणि किती लोडवर? हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा जाहिरातच समजा. उघड्यावर अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल वाढतात, म्हणजे सात मीटरवरचे 55 साडेतीनवर 61. टेस्ट रिपोर्ट मागा, विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

सहा महिने सहन करतोय, तक्रार कधी करू?
सहा महिन्यांपूर्वी करायची होती. आता आजपासून तारीख, वेळ, किती मिनिटं हे वहीत लिहा आणि ती वही घेऊन महापालिकेत जा.