बॅकगॅमनची स्पर्धा : आधी तास मोजा, मग पद्धत ठरवा

प्रश्न : आम्ही बॅकगॅमनचे (दोघांनी फासे टाकून पटावर खेळायचा खेळ) २२ खेळाडू आहोत. रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ७ हॉल मिळाला आहे, बोर्ड ११ आहेत. बाद पद्धत ठेवली तर निम्मी मंडळी जेवणाआधीच घरी जातील. साखळी लावावी का? (नाशिक)

उत्तर : २२ जणांची पूर्ण साखळी म्हणजे २३१ मॅच, २१ फेऱ्या. एका दिवसात ते होणार नाही. तुम्ही स्विस पद्धत घ्या. तीत कुणी बाद होत नाही, दर फेरीत सारखे विजय असलेल्यांची गाठ पडते आणि पाच फेऱ्यांनंतर अपराजित खेळाडू फार तर एकच उरतो.

७ गुणांची मॅच (डावामागून डाव खेळून आधी ७ गुण करेल तो जिंकतो) घड्याळ लावून खेळली तर साधारण एक ते सव्वा तासात संपते. पाच फेऱ्यांना सव्वासहा तास, जेवणाला पाऊण तास, म्हणजे ५ वाजले. उरलेले दोन तास निर्णायक मॅचसाठी राखून ठेवा. मॅच ९ गुणांच्या करण्याचा मोह होईल, तो आवरा. स्विसमध्ये सगळ्यांत संथ टेबल उठेपर्यंत पुढच्या जोड्या लावता येत नाहीत, आणि एक रेंगाळलेली मॅच वीस जणांना ताटकळत ठेवते.

त्यासाठीच घड्याळ हवं. रूढ प्रमाण असं : प्रत्येकाला दर गुणामागे २ मिनिटं राखीव, म्हणजे ७ गुणांना १४ मिनिटं, शिवाय प्रत्येक चालीला १२ सेकंदांची सूट. ही सूट संपल्यावरच राखीव वेळ खर्च होऊ लागतो आणि वाचलेले सेकंद पुढे जमा होत नाहीत. घड्याळ दाबलं की चाल पक्की, हे नवख्यांना पहिल्या फेरीआधीच सांगा. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा. पुढे तीच जोडी पुन्हा येऊ देऊ नका. एखाद्या गटात विषम संख्या झाली तर एकाला खालच्या गटातल्या खेळाडूशी खेळवा. दुपारी कुणी निघून गेलं आणि २१ उरले, तर सर्वांत कमी विजय असलेल्याला बाय (प्रतिस्पर्ध्याविना फेरी) द्या. तो विजय धरायचा, पण एकाच खेळाडूला दोनदा बाय नाही.

पाचही मॅच जिंकलेला कुणी असेल तर विजेता तोच. त्याला चार जिंकलेल्याशी पुन्हा ‘फायनल’ खेळायला लावणं अन्यायाचं आहे, कारण एका हरलेल्या मॅचने त्याचं दिवसभराचं काम पुसलं जातं. तसा कुणीच नसेल, तर चार विजय असलेल्यांचा क्रम त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण विजयांवरून लावा आणि पहिल्या दोघांची ७ गुणांची मॅच घ्या.

प्रश्न : फाशांचा खेळ असल्याने नशीब आडवं येतं. चांगला खेळाडूच जिंकावा म्हणून मॅच २५ गुणांच्या कराव्यात का? (ठाणे)

उत्तर : फायदा होतो, पण वाटतो तेवढा नाही. ‘फर्स्ट इंटरनेट बॅकगॅमन सर्व्हर’च्या रेटिंग सूत्रानुसार १०० रेटिंगने वरचढ खेळाडू १ गुणाची मॅच सुमारे ५३ टक्के वेळा जिंकतो, ७ गुणांची ५८ टक्के आणि २५ गुणांची ६४ टक्के. या सूत्रात मॅचच्या लांबीचं वर्गमूळ येतं, त्यामुळे लांबी चौपट केली तरच तिचा परिणाम जवळपास दुप्पट होतो. २५ गुणांना तीन तासांहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात ७ गुणांच्या तीन मॅच, तीन वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी होतात, आणि आमच्या मते त्याच जास्त मोलाच्या. बाद पद्धत असेल तर लांबी शेवटाकडे वाढवा : सुरुवातीला ७, उपांत्य फेरीत ९, अंतिम सामन्यात ११.

वेळ वाचवायला १ गुणाच्या मॅच मात्र ठेवू नका. तिथे डबलिंग क्यूब (डावाची किंमत दुप्पट करण्याचा ठोकळा) निरुपयोगी ठरतो, गॅमनला (दुप्पट गुणांच्या विजयाला) किंमत उरत नाही, आणि खेळातलं निम्मं कौशल्य पटाबाहेर जातं. ३ किंवा ५ गुण चालतील.

प्रश्न : १६ खेळाडू, दोन दिवस. दोनदा हरल्यावरच बाद, अशी पद्धत कशी आखायची? (पणजी)

उत्तर : मुख्य तक्त्यात १५ मॅच, हरलेल्यांच्या तक्त्यात १४, मग अंतिम सामना : एकूण ३० किंवा ३१. मुख्य तक्ता चार फेऱ्यांत संपतो, हरलेल्यांच्या तक्त्याला सहा फेऱ्या लागतात. तिथे ५ गुण आणि मुख्य तक्त्यात ९ ठेवलेत तरच दोन्ही बाजू बरोबरीने सरकतात. नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या फेरीत हरलेल्यांना तक्त्याच्या त्याच अर्ध्या भागात खाली उतरवणं. मग ज्याला पहिल्या फेरीत हरवलं त्याच्याशीच लगेच पुन्हा गाठ पडते. त्यांना विरुद्ध अर्ध्यात उतरवा. अंतिम सामन्यात अपराजित खेळाडू हरला तर दुसरी मॅच होणार की नाही, हे तक्त्यावर आधीच लिहा.

प्रश्न : घरी आम्ही जॅकोबी नियम (डावात क्यूब वापरला नसेल तर गॅमनचे जादा गुण नाहीत) आणि बीव्हर (डबल मिळताच क्यूब स्वतःकडे ठेवून किंमत लगेच पुन्हा दुप्पट करणं) वापरतो. स्पर्धेतही वापरावेत का? (पुणे)

उत्तर : नाही. ते पैशांच्या खेळाचे नियम आहेत. सुरुवातीला दोघांना सारखा फासा पडल्यास क्यूब आपोआप दुप्पट करणंही नको. मॅचमध्ये क्रॉफर्ड नियम पाळा : ७ गुणांच्या मॅचमध्ये एकजण ६ गुणांवर पोचला की लगेचच्या एका डावात क्यूब वापरायचा नाही. तो डाव मागे असलेल्याने जिंकला, तर पुढच्या डावापासून क्यूब पुन्हा खुला होतो. क्रॉफर्ड डाव सुरू होताना क्यूब पटावरून उचलून बाजूला ठेवा, म्हणजे विसरून कुणी डबल देणार नाही.