कोकणात नव्या घराला पन्हळ लावावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळ गावी चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधताय, वर मंगळुरी कौलं. कंत्राटदार म्हणतो चारही बाजूंनी पन्हळ लावू, बाबा म्हणतात आपल्या जुन्या घराला कधीच नव्हती. तुम्ही मुंबईत, गावी येणं मे महिन्यात आणि गणपतीत.

मी तुमचं शेवटचं वाक्य पहिलं धरतो. जून-जुलैत घर बंद असणार. मग चारही बाजूंना पन्हळ लावू नका.

मी लावली होती. आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला. बांधताना हौसेने सगळीकडून पीव्हीसीची पन्हळ फिरवून घेतली. आमचे गवंडीकाका तेव्हाच म्हणाले होते, "पाणी खंय जातला ता आदी बघ, पन्हळीचा मगे बघूया." मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस. पहिला पाऊस छान गेला. दुसऱ्या वर्षी नोकरीमुळे पावसाळाभर कोल्हापुरात होतो, गणपतीला दार उघडलं तर मागच्या खोलीच्या भिंतीला छातीपर्यंत ओल. शिडी लावून बघितलं तर पन्हळ आंब्याच्या कुजलेल्या पानांनी काठोकाठ भरलेली, आणि त्यात पिंपळाचं वीतभर रोप मजेत उभं. पाणी बाहेरच्या कडेवरून जायच्या ऐवजी आतल्या कडेवरून भिंतीत उतरत होतं. वाशांची टोकं काळी पडली होती, पुढच्या वर्षी तिथे वाळवी लागली. उरलेलं काम वानरांनी केलं. आंब्यावरून कौलांवर उडी मारताना त्यांना पहिला आधार पन्हळीचाच.

साफ न केलेली पन्हळ नसलेल्या पन्हळीपेक्षा वाईट, हे मला तेव्हा कळलं. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, एकदा आणि जुलैत निदान एकदा कोणीतरी शिडी चढायला हवं. शेजारी करतील म्हणाल, तर पहिल्या वर्षी करतात.

आता बाबांचं म्हणणं. ते बरोबर आहे, पण जुन्या घरापुरतं. त्या घराची वळचण भिंतीपासून अडीच-तीन फूट बाहेर असायची, चौफेर पडवी असायची आणि जोतं चांगलं उंच. मंगळुरी कौलाला खाचा असतात, त्यामुळे पाणी सलग न पडता कौलागणिक वेगळी धार धरतं. त्याच पागोळ्या. त्या जोत्याच्या पलीकडे पडायच्या आणि तिथून वाहून जायच्या. तुमच्या नकाशात वळचण किती आहे ते आजच बघा. हल्ली फुटा-दीड फुटावर कापतात, लाकूड आणि कौलं वाचवायला. तसं असेल तर पागोळी जोत्याच्या कडेवर आपटते, तांबड्या मातीचे शिंतोडे दोन फुटांपर्यंत भिंतीवर चढतात, आणि चिरा पाणी पितो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पन्हळीचे पैसे वासे लांब करण्यात घाला. अडीच फुटांच्या खाली येऊ नका.

आणि पागोळी जिथे पडणार तिथल्या जमिनीचं बघा. घर शहरातल्या कॉलनीसारखं दिसावं म्हणून लोक जोत्याभोवती गुळगुळीत कोबा करतात. कोब्यावर पाणी जास्त उडतं. कोबा जोत्याला लागून ठेवा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि नेमक्या पागोळीच्या रेषेत फूटभर रुंद चर खणून त्यात खडी भरा. चराचा तळही एका बाजूला उतरता हवा, म्हणजे पाणी व्हाळाकडे (ओढ्याकडे) नाहीतर बागेकडे निघून जाईल. माझी आई त्या चराच्या कडेने अळू लावते. भिंत कोरडी राहते आणि श्रावणात फतफतं होतं.

पश्चिमेच्या भिंतीवर येणारी झड मात्र वेगळी. तो पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्याला पन्हळ काहीच करत नाही. तिथे पडवी नाहीतर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप.

तरी तीन ठिकाणी मी पन्हळ लावाच म्हणेन. पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर, नाहीतर गणपती आणताना मूर्तीवर आधी पागोळीचाच अभिषेक. दुसरं, छपराच्या दोन उतरत्या बाजू, म्हणजे पाखी, काटकोनात मिळत असतील तर त्या घळीत पत्रा लागतोच, आणि घळीतून एकवटून येणारी धार खाली धरावी लागते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. डोंगर कापून प्लॉट सपाट केला असेल आणि घराची पाठ त्या कापलेल्या दरडीकडे असेल, तर मागच्या पाख्याचं पाणी त्या बोळात सोडू नका. वरून दरडीचं पाणी येतच असतं. तिथे पन्हळ लावून पाणी घराच्या टोकाला न्या, आणि साफसफाईला माणूस पैसे देऊन ठेवा. ही एक बाजू बंद घरातही सोडता येत नाही.

माप कंत्राटदारावर सोडू नका. समजा छप्पर वळचणीसकट १००० चौरस फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, दोन सारखी पाखी. तासाला १०० मिमी वेगाची सर आली, आणि आपल्याकडे ती येते, तर एका पाख्यावरून मिनिटाला ७५ लिटरच्या वर पाणी उतरतं. म्हणजे मिनिटाला पाच बादल्या. अशा सरीत चार इंची उभा पाइप सुमारे ४० चौरस मीटर पाख्याचं पाणी घेतो असं धरतात, म्हणजे एका पाख्याला एक पाइप पुरत नाही. दोन द्या. पन्हळ सहा इंची, मीटरला पाच मिमी उतार, हुक दर दोन फुटांवर. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवा, तुंबली तरी पाणी अंगणात पडेल. समुद्राजवळ साधा पत्रा गंजतो, पीव्हीसीचा सहा इंची पाइप उभा चिरून केलेली पन्हळ उन्हाने ठिसूळ होते. थोडीच लावायची आहे तर ॲल्युमिनियमची घ्या, हुक आणि स्क्रू स्टेनलेसचे, जमलं तर खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे.

पायऱ्यांवरच्या त्या पन्हळीचा अजून एक उपयोग आहे. मे महिन्यात तुम्ही येता तेव्हा विहिरीचा तळ दिसतो की नाही? जांभ्यात पाणी ठरत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुढच्या पडवीच्या १५ चौरस मीटर छपरावर ४५ हजार लिटर. चार माणसांना पिण्या-रांधण्याला दिवसाला ४० लिटर धरले तर पूर्ण मे महिन्याला १२४० लिटर लागतात. दोन हजार लिटरची झाकलेली टाकी पुरेल. सुरुवातीचा पाऊस सोडून द्या, छपराची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. गणपतीला आलात की पन्हळ स्वतः पुसून काढा, एक सर जाऊ द्या आणि मग टाकीचा कॉक उघडा. जास्तीचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीकडे सोडता येतं. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी बांधायला विसरू नका, नाहीतर मेमध्ये झाकण काढाल तेव्हा आत डासांच्या अळ्या असतील.