वाचक विचारतात : गावातलं संग्रहालय – पाया, कवेलू आणि कूलर

प्रश्न : जुन्या शेती-अवजारांचं संग्रहालय करायला ग्रामपंचायतीने गावठाणालगत काळ्या जमिनीचा तुकडा दिला आहे. आराखड्यात पश्चिमेला, रस्त्याकडे, पूर्ण काचेचा दर्शनी भाग दाखवला आहे. तो ठेवावा का? पाया कसा घ्यावा?
– एक सरपंच, दर्यापूर तालुका

उत्तर : काच काढून टाका. उन्हाळ्यात दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन त्या काचेतून थेट तिफणी-वखरांवर पडेल आणि लाकूड तडकेल. पश्चिमेची भिंत बंद ठेवा; तिथे भांडारखोली काढली तर ऊन तीच झेलेल, मात्र त्या खोलीत वस्तू न ठेवता खुर्च्या, सतरंज्या असलं सामान ठेवा. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम घ्या, दक्षिणेला आठ फुटांची ओसरी द्या आणि खिडक्या उत्तरेला काढा. उत्तरेकडून ऊन येत नाही हा समज मात्र आपल्याकडे अर्धाच खरा आहे. मार्च अखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरतं. ते वरच्या छज्जाने अडत नाही. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट पुढे आलेल्या उभ्या पट्ट्या बांधा.

आता पाया. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. चार फुटांच्या पायावरच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात त्या यामुळेच. मुरूम पाच-सहा फुटांवर लागत असेल तर मुरमापर्यंत जा, प्रश्न मिटला. पण पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाची माती खोलवर असते, मुरूम हाती लागत नाही. तिथे अंडर-रीम पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्या : किमान साडेतीन मीटर खोल, खाली खांबाच्या व्यासाच्या अडीचपट फुगवटा. पाइलवरची तुळई जमिनीला टेकवू नका; खाली ८० मिलिमीटर पोकळी हवीच. ओतकामाच्या वेळी गवंडी ती मातीने भरून टाकतात आणि पुढच्या पावसाळ्यात माती फुगून तुळई वर उचलते. ओतकामाच्या दिवशी कुणीतरी तिथे हजर राहून ही पोकळी बघितली पाहिजे.

भिंती वाचल्या तरी फरशी फुटते, कारण तिच्याखाली तीच माती असते. खोलीतली काळी माती दोन-तीन फूट काढा आणि सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून भरा. बाहेर भिंतीलगत चारही बाजूंनी किमान पाच फूट रुंद, बाहेर उताराचा पक्का पट्टा करा. त्याला लागून हिरवळ नको. रोज पाणी दिलं की एक बाजू ओली, दुसरी कोरडी, आणि इमारत एकाच अंगाने उचलली जाते.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेला, आहे. बोअरचं पाणी काँक्रीटला वापरण्याआधी तपासून घ्या; सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. खारं पाणी वापरलं तर भिंतीला लोणा येतो आणि आत सळई गंजते.

छपरावर हात आखडू नका. मे अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे सर्वांत जास्त उष्णता भिंतीतून नाही, छतातून येते. नुसते टीन अजिबात नको. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, उत्तम, पण जिथे वानरांचे कळप फिरतात तिथे एका हंगामात अर्धे फुटतात. अशा गावात स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, हे बरं.

काचेविना संग्रहालय होतं का, ही शंका उरली असेल तर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादच्या साबरमती आश्रमात उभारलेलं, १९६३ मध्ये पूर्ण झालेलं गांधी स्मारक संग्रहालय पाहा. सहा-सहा मीटरचे चौक, विटांचे खांब, कवेलू आणि काचेऐवजी लाकडी झडपा. सेवाग्रामच्या कुट्या तर तुमच्या घरच्याच.

प्रश्न : भजनाच्या जुन्या वह्या, पोथ्या, लुगडी आणि पितळी भांडी मांडली आहेत. उन्हाळ्यात लोकांना उकडतं म्हणून दालनात कूलर लावायचं ठरतंय.
– ग्रंथालयाचे कार्यकर्ते, वर्धा जिल्हा

उत्तर : दालनात कूलर लावू नका. कूलर गार हवेबरोबर ओलावा फेकतो. दिवसभर खोली दमट आणि रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी ठक्क, या रोजच्या चढ-उतारात कागद वाकतो, वहीची शिवण सुटते, लोखंडाला गंज चढतो. सलग कोरडं हवामान कागदाला त्यापेक्षा कमी त्रास देतं. कूलर बसायच्या जागी, ओसरीत लावा. दालनात पंखे पुरेत. एप्रिल-मेमध्ये वेळच सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ठेवा. ४५ अंशांत दुपारी दोनला तसंही कोण येतंय?

उजेडाचा हिशेब असा (लक्स हे उजेड मोजायचं माप) : कागद आणि कापडाला ५० लक्स, लाकडाला साधारण २०० लक्स, दगड आणि बिनरंगाच्या धातूला उजेडाने काही होत नाही. नुकसान साठत जातं, म्हणून २०० लक्सखाली दोन तास म्हणजे ५० लक्सखाली आठ तास. मूळ पोथी तीन महिने मांडा, मग पेटीत बंद करा आणि तिच्या जागी छायाचित्र लावा. दिवा काचपेटीच्या आत नको, तापतो. नव्या प्लायवूडच्या पेट्याही लगेच वापरू नका. त्यातून आम्लाची वाफ निघते आणि धातू काळवंडतो.

प्रश्न : गावातल्या पिंपळाखाली मूर्ती आणि वीरगळ पडून आहेत. ते संग्रहालयाच्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर पक्के बसवावेत का?
– एक शिक्षक, चिमूर तालुका

उत्तर : आधी हलवू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, आणि जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आहे त्या जागी फोटो काढा, जागेची खूण नकाशावर करा, राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. परवानगी मिळाली तरी सिमेंटमध्ये बसवू नका. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात, आणि पूर्व विदर्भातला वालुकाश्म तर पापुद्र्यांनी सुटतो. दीड फुटांचा ओटा, वर ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा थर, त्यावर शिल्प चुन्यात टेकवा आणि वर छप्पर द्या. शेंदूर, तेल, ऑइलपेंट पूर्ण बंद. लोकांची पूजा चालू असेल तर त्यांच्याशी आधी बोला. पोलिस बोलावून संग्रहालय चालत नाही.

प्रश्न : आवारात सावली हवी. झाडं कुठली, आणि बंडी (बैलगाडी) कुठे ठेवायची?
– बचतगटाच्या सदस्य, यवतमाळ जिल्हा

उत्तर : कडुनिंब, बहावा, पळस, मोह. काळ्या जमिनीत झाड भिंतीपासून त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं दूर लावा. मुळं पाणी ओढतात आणि तेवढीच माती आक्रसते. वड-पिंपळ कुंपणाच्या टोकाला. वाट दाबलेल्या मुरमाची, चार फूट रुंद, आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ फुटाला एक फूट यापेक्षा तीव्र नको.

बंडीला दार पुरेल का, हे नकाशा काढण्याआधी बघा. आखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, दोन्ही बाजूंना फूट-फूट सोडा आणि मगच दार ठरवा. चाकं जमिनीवर टेकवून वर्षानुवर्षं ठेवली तर सगळा भार एकाच आऱ्यावर राहतो. आखाखाली लाकडी ठोकळे द्या, चाक बोटभर उचललेलं असू द्या आणि वाळवीसाठी ठोकळ्यांखाली फरशी घाला, माती नको.